फुकट जर्मनी आणि कराडची सीट

(ग्रुप : कोरेगावकर मंडळी)

बाळूदादा : शुभ सकाळ. आजचा सुविचार खाली पाठवलाय.

संदीप : दादा, ताई, जरा वाचा सगळ्यांनी. मृणूला इंजिनिअरिंगच्या सीईटीला ९५.८ पर्सेंटाइल आहेत. कॅपचे, म्हणजे प्रवेशफेरीचे, कॉलेजांचे ऑप्शन शनिवारपर्यंत भरायचेत. काल पुण्यात एका कन्सल्टन्सीत जाऊन आलो. ते म्हणतात, जर्मनीत शिक्षण फुकट, डिग्री इंग्रजीतून, जर्मन यायची गरज नाही, ऑक्टोबरला मुलगी तिकडे. त्यांची फी दीड लाख, पैकी पन्नास हजार बुधवारपर्यंत. मला बरं वाटलं, वैशालीला नाही वाटलं. निखिल, तू तिथं आहेस, तू सांग.

निखिल : मामा, आधी कॉलेजचं माहितीपत्रक टाका.

संदीप : (फोटो)

निखिल : हे प्रायव्हेट आहे. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात फी असेल बघा.

संदीप : आहे. वर्षाला ११,००० युरो.

बाळूदादा : म्हंजे किती?

निखिल : युरो शंभराचा धरा मोठे मामा. अकरा लाख.

बाळूदादा : मग फुकट काय हाय, माहितीपत्रक?

निखिल : 😂 फुकट असतं ते सरकारी विद्यापीठांत, आणि तिथंही सगळीकडे नाही. आमचं स्टुटगार्ट बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये येतं, या राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानं २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून बॅचलरला सेमिस्टरला दोन-तीन हजार युरो लावलेत. खरी गोम पुढे आहे. सरकारीत बॅचलर बहुतेक ठिकाणी जर्मनमधूनच होतं. इंग्रजीत भरपूर मिळतात ते मास्टर्स, म्हणून मी कराडला बीई करून आलो. शिवाय आपली बारावी ते त्यांच्या बारावीइतकी धरत नाहीत. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास असाल तर थेट घेतात. नाहीतर स्टुडिएनकोलेग म्हणून तयारीचं एक वर्ष करावं लागतं, आणि त्याची प्रवेशपरीक्षाही जर्मनमध्ये.

संदीप : कन्सल्टन्सीवाल्यानं यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

बाळूदादा : तो कशाला सांगंल.

सुजाताताई : संदीप, खर्चाचं मी सांगते, बँकेत रोज हेच चालतं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सध्या वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून दाखवावे लागतात. त्यातून दर महिन्याला ९९२ सुटतात. म्हणजे तिकडे फी शून्य असली तरी तुझे बारा लाख पहिल्या दिवशी अडकले. शिवाय कागदपत्रं तपासून घ्यायची एपीएस म्हणून भानगड आहे, २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीची, त्याचे १८,००० वेगळे. कर्ज काढायचं तर साडेसात लाखांच्या वर तारण लागतं.

बाळूदादा : आपल्या वाट्याचा सातबारा ठिवला तर?

सुजाताताई : दादा, शेतजमीन सहसा घेत नाहीत. एनए प्लॉट नाहीतर घर. संदीपचा साताऱ्याचा फ्लॅट आहे, पण त्याचेच हप्ते अजून चालू आहेत.

वैशाली : मी पैशाचं बोलतच नाही. अठरा वर्षांची पोर. आजारी पडली तर दार कोण वाजवणार? निखिल, तू गेलास तेव्हा तेवीसचा होतास, तरी ताई तीन महिने नीट जेवल्या नव्हत्या.

सुजाताताई : हे इथं लिहायचं होतं का 🙈

निखिल : मामी, खरं सांगू? पहिल्या रविवारी मी दूधसुद्धा आणू शकलो नाही. रविवारी सगळी दुकानं बंद असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. डब्यातला चिवडा खाऊन दिवस काढला. सोपं नाहीये. पण दुसरी बाजूही सांगतो. माझं जर्मन अजून बी१ वर, म्हणजे मधल्या पातळीवर अडकलंय (ए१ सगळ्यात खालची, मग ए२, बी१, बी२, सी१). ऑफिसात काम इंग्रजीत चालतं, पण जेवायच्या सुट्टीत सगळे जर्मनमध्ये बोलतात. कुणी विनोद केला की बाकीचे हसतात ते बघून मी हसतो, अर्ध्या सेकंदानं. अठराव्या वर्षी येऊन जर्मनमधून शिकलेल्या पोरांचं असं होत नाही. त्यामुळे बीई करून मगच ये, असं मी डोळे झाकून नाही म्हणणार.

संदीप : मग करायचं काय? ऑक्टोबरला जाऊ दे की नको?

निखिल : ऑक्टोबर विसरा. बहुतेक ठिकाणी अर्जाची मुदत १५ जुलै. जर्मन शून्य असताना कुठं करणार अर्ज?

मृण्मयी : शून्य नाहीये.

संदीप : ?

मृण्मयी : फेब्रुवारीपासून ऑनलाइन क्लास करतेय. ए१ ची परीक्षा झाली, ८८ मिळाले. ए२ संपत आलंय.

संदीप : तू तर रात्री सीईटीची लेक्चरं बघायचीस ना?

मृण्मयी : तीही बघायचे 🙏

वैशाली : आणि क्लासची फी कुणी भरली?

सुजाताताई : मी. त्यावर आपण फोनवर बोलू.

बाळूदादा : वा! बँक घरातच निघाली.

मृण्मयी : बाबा, रागवा नंतर, आधी हे वाचा. दादा म्हणतोय ते स्टुडिएनकोलेग टाळता येतं. भारतात इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष पूर्ण पास झालं, एकही विषय न राहता, तर त्याच शाखेला तिकडे थेट अर्ज करता येतो. म्हणजे इथे मेकॅनिकल घेतलं तर तिकडेही मेकॅनिकलच्याच आसपास. मला तेच हवंय. कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत मिळेल असं वाटतंय.

निखिल : थांब, बघून सांगतो.

निखिल : बरोबर आहे. बारावी अधिक एक वर्ष चालतं. मी मास्टर्सला आलो, त्यामुळे हा रस्ता कधी बघितलाच नव्हता. शाब्बास मृणू.

संदीप : पण इथलं एक वर्ष करून तिकडे पुन्हा पहिल्या वर्षापासूनच ना? म्हणजे वर्ष वायाच की.

मृण्मयी : स्टुडिएनकोलेगलाही वर्ष जातंच बाबा. तिथं ते बारा लाखांत जाईल, इथं सरकारी कॉलेजच्या फीत आणि आत्याकडे जेवून. तिकडचं बॅचलर बऱ्याच ठिकाणी तीन वर्षांचं आहे.

निखिल : तीन कागदावर. बरेच जण चार घेतात. ते धरूनच चाल.

सुजाताताई : मुलींच्या फीमाफीचं बघितलंत का? २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसीतल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं. संदीप, तू आणि वैशाली दोघं नोकरीला, तुम्ही नाही बसत.

संदीप : एवढं एकच बरं झालं असतं. आणि एखादा विषय राहिला तर?

मृण्मयी : मग कराडलाच बीई होईन. निखिलदादाही तिथूनच गेला की.

निखिल : मृणू, एक ऐक. पहिल्या वर्षाला मॅथ्स, ग्राफिक्स, वर्कशॉप, आणि जोडीला जर्मन बी२, काही ठिकाणी सी१ मागतात. झोप विसर. निकालही १५ जुलैच्या आत हातात हवा, नाहीतर त्या वर्षीचा हिवाळी प्रवेश हुकला. आणि कॉलेज सोडायचं ठरलं की टीसीला लगेच मागे लाग. माझ्या रूममेटला त्याच्या कॉलेजनं टीसीसाठी दोन महिने फिरवलं होतं.

वैशाली : म्हणजे एक वर्ष तरी पोर जवळ राहील. मला चालेल.

संदीप : तुला चालेल म्हणूनच मला शंका येतेय 😄 ठीक. कन्सल्टन्सीला नाही म्हणून कळवतो. आता ऑप्शन. सांगलीचं वालचंद वर टाकू का? आपल्याकडे पहिली पसंती वालचंदलाच देतात ना?

मृण्मयी : नको. तिथं मिळालं तर होस्टेल, मेस, आणि रात्री जर्मनच्या क्लासला नेट मिळेल की नाही देव जाणे. आत्याकडे माडीवरची खोली रिकामी आहे.

सुजाताताई : निखिलचं टेबलही आहे. फक्त कबुतरांनी घाण केलीय, धुऊन घेते.

निखिल : माझ्या वह्या टाकू नको आई, मॅथ्सच्या तिला लागतील.

संदीप : मग एक नंबर कराड, दोन वालचंद, तीन पुणे. मृणू, संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसू. आणि यापुढे जे काही ऑनलाइन करशील ते मला सांगून.

मृण्मयी : हो बाबा.

बाळूदादा : आईला समदं वाचून दाखवलं. ती म्हणतीय, जर्मनीचं पुढल्या वर्षी बघू. पण कराडचं टेशन पडतं ओगलेवाडीला, गावाबाहेर. संध्याकाळच्या गाडीनं पोरीला एकटी पाठवू नका. सुजाताला टेशनवर यायला सांगा.