घरचा जुना नंबर दिरांच्या खात्यात अडकलाय, मदत हवी आहे

अंगणवेल:
मंडळी, जरा तातडीचं आहे. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घरी ७३२ ने सुरू होणारा नंबर आहे. आधी साधी लँडलाइन होती, २००६ मध्ये दिरांनी तो नंबर इंटरनेट फोनवर नेला. म्हणजे राउटरला एक डबी आणि त्या डबीत आपल्या जुन्याच फोनची वायर. तेव्हा सगळे एकाच अपार्टमेंटमध्ये होतो, खातं त्यांनी स्वतःच्या नावाने उघडलं. २०११ मध्ये आम्ही घर घेतलं, डबी टीव्हीमागे गेली, दीर टेक्ससला गेले. कार्ड तेवढं आमचं लावलं आणि विषय डोक्यातून गेला.

जाहिरातीत महिना १० डॉलर होतं, आता कर-बिर धरून २७ जातात. वाय-फाय गेलं की फोनही मुका. म्हणून नंबर प्रीपेड सिमवर न्यायचा ठरवला. अर्ज दोनदा परत आला. पहिल्यांदा 'नाव जुळत नाही', दुसऱ्यांदा 'खाते क्रमांक चुकीचा'. खाते क्रमांक म्हणून मी फोन नंबरच लिहिला होता, हसू नका. लॉगिन करून बघावं तर पासवर्ड बदलायची लिंक दिरांच्या जुन्या ऑफिसच्या ईमेलवर जाते, आणि ती नोकरी सोडून त्यांना दहा वर्षं झाली! कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्या कस्टमर केअरवाली म्हणाली, "आधी सेवा बंद करा, मग नंबर हलवा." हे बरोबर आहे का?

घरचा नंबर हवाच कशाला असं विचाराल. माझी आई सांगलीला असते, वय ८२. स्वयंपाकघरात कालनिर्णयशेजारी पुठ्ठ्यावर हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून टांगलाय. दोन रिंग देते आणि ठेवते, मग आम्ही लावतो. व्हॉट्सअ‍ॅप तिला नकोच आहे. पुठ्ठा बदलून झाला एकदा, तरी बोटं जुनाच नंबर दाबतात. इकडे सासऱ्यांनाही हाच एक फोन जमतो.

गूगल व्हॉइसवर, म्हणजे गूगलच्या इंटरनेट फोन सेवेवर, फुकटात राहतो म्हणे नंबर. तिकडे न्यावा का? आगाऊ धन्यवाद.

गवती_चहा:
थांबा! सेवा अजिबात बंद करू नका. बंद झालेला नंबर कंपनीच्या साठ्यात परत जातो आणि पुढे कुणालाही मिळू शकतो. चालू असलेलाच नंबर हलवता येतो. अर्ज नव्या कंपनीकडे करायचा, जुनीशी बोलणं ती करते. एफसीसीचा (इथल्या दूरसंचार नियामकाचा) नियम आहे, बिल थकलं असलं तरी जुनी कंपनी नंबर अडवू शकत नाही. पैसे मागत राहील, तो वेगळा हिशेब. इंटरनेट फोनवाल्यांनाही हा नियम लागू आहे. साधं पोर्टिंग (नंबर एका कंपनीतून दुसरीत नेणं) एका कामकाजाच्या दिवसात व्हायला हवं.

सटरफटर:
भारतात बरं आहे, १९०० ला एसएमएस टाकला की नंबर हलवायचा कोड येतो :-) पण तिकडेही ती सोय मोबाइललाच, लँडलाइनला नाही.

डॅलसचा_सांगलीकर:
ताई, अर्जात जे 'जुन्या कंपनीकडची माहिती' असतं ना, तिथे दिरांचंच नाव घाला, त्यांच्या संमतीने. तुम्ही पैसे भरता ह्याला इथे किंमत नाही, खातं ज्याचं त्याचं चालतं. दिरांना कॉन्फरन्सवर घ्या, ओळख त्यांनीच पटवू द्या. शेवटचं बिल आणि पोर्टिंगचा पिन मागा, आणि ईमेल त्याच कॉलवर बदलून घ्या.

गूगल व्हॉइसबद्दल: लँडलाइनचा किंवा इंटरनेट फोनचा नंबर तिथे थेट जात नाही, मोबाइलचा जातो, २० डॉलर लागतात. म्हणजे आधी प्रीपेडवर न्यायचा, मग तिकडे. काही बँकांचे ओटीपी त्यावर येत नाहीत. पण तुमच्या घरात सासरे आहेत म्हणून मी नेणार नाही. त्याच्या वैयक्तिक खात्यावरून ९११ (इथला तातडीच्या मदतीचा नंबर) लागत नाही. ह्यापुढे सगळं गौण.

गवती_चहा:
९११ वरून आठवलं. डबीवाल्या फोनचा ९११ चा पत्ता आपण नोंदवू तोच असतो. तुमच्या खात्यात कुठला आहे?

अंगणवेल:
बाप रे. ह्याचा विचारच केला नव्हता. बघते.

अंगणवेल:
अपडेट. बुधवारी दिरांना लाइनवर घेतलं, पाऊण तास गेला, त्यातली पंचवीस मिनिटं संगीत. पत्ता जुन्या अपार्टमेंटचाच निघाला! चौदा वर्षं सासऱ्यांनी ९११ फिरवला असता तर रुग्णवाहिका दुसऱ्याच्या दारात गेली असती. आमच्या 'ह्यां'ना सांगितलं तर म्हणे, "तरी मी म्हणत होतो." काहीही म्हणत नव्हते. अर्ज दोनदाच परत आला हे नशीब, पत्त्यावरून तिसऱ्यांदाही आला असता. बिलावर होतं तसं अक्षरन् अक्षर भरलं, अपार्टमेंट नंबरसकट.

शुक्रवारी दुपारी डबीचा हिरवा दिवा चालू, पण डायल टोन गायब, म्हणजे नंबर सिमवर आला. सिम साध्या घडीच्या फोनमध्ये घालून तो जुन्या फोनच्याच जागी ठेवलाय, चार्जरला कायमचा टोचून.

गवती_चहा:
अभिनंदन! जुनं खातं मात्र आता स्वतः फोन करून बंद करा. नंबर गेला म्हणून बिल आपोआप थांबेलच असं नाही. आणि नव्या कंपनीत पिन लावून नंबरला कुलूप घाला, नाहीतर जो मार्ग तुम्ही वापरलात तोच एखादा भामटा वापरेल.

अंगणवेल:
दोन्ही केलं. ह्या वेळी खातं माझ्या नावावर.
काल रात्री साडेनऊला सांगलीहून दोन रिंग आल्या. सासरे सवयीने टीव्हीमागे वाकले होते.