बेस वाजवता वाजवता गायचंय, अँप लहान पडतोय, माइक ओठाला झिणझिण्या आणतोय. सल्ला द्या (बडोदा)

मंद्र_मांजलपूर:
नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, मांजलपूरला राहतो, शिफ्टची नोकरी, आणि गेली सहा वर्षं दांडिया बाजारातल्या मित्रांच्या ग्रुपमध्ये बेस गिटार वाजवतो. कीबोर्ड, एक गिटार, तबला-ढोलकी आणि ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड) असा आमचा सरंजाम. वर्षाचा मोठा कार्यक्रम गणपतीतला, बाकी कोणाचा साखरपुडा, सोसायटीची कोजागिरी असं चालू असतं. आमचा गायक नोकरीसाठी पुण्याला गेला आणि सगळ्यांनी मिळून पाच गाणी माझ्या गळ्यात घातली, कारण कोरसमध्ये मी सुरात असतो असं त्यांचं म्हणणं. गायला मला मनापासून आवडतं, नाही म्हणवलं नाही. आता तीन आठवडे उरलेत आणि अडचणी या आहेत.

एक म्हणजे गायला लागलो की बोटं गाण्याच्या चालीमागे जातात, शब्द लांबला की बेसही लांबतो, तबलजी माझ्याकडे बघायला लागतो. दुसरं, तो गायक काळी दोनमध्ये (पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा सा) गायचा, अंतऱ्यात माझा आवाज फाटतो. तिसरं, माझा अँप १५ वॉटचा, ऑक्टोपॅड सुरू झाला की मला माझंच काही ऐकू येत नाही आणि वाढवला की स्पीकर फडफडतो. बेस यामाहाचा टीआरबीएक्स १७४ आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र पाऊस सुरू झाल्यापासून ई तार, म्हणजे सगळ्यात जाड तार, पहिल्या तीन-चार फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) खरखरते. आणि हो, परवा तालमीत माइकला ओठ लागला की झिणझिण्या येत होत्या. कीबोर्डवाला म्हणाला फोम लाव, होईल ठीक.

ज्यांनी हे केलंय त्यांनी नीट सांगा प्लीज.

---

अर्थिंगवाला:
दादा, तुम्ही जे सगळ्यात शेवटी लिहिलंय ना, ते सगळ्यात आधी करा. बाकीचं थांबेल.

मी इलेक्ट्रिकलचंच काम करतो आणि वीकेंडला बेस वाजवतो म्हणून जरा फोड करून सांगतो. बेसच्या तारा ब्रिजमधून (बॉडीवर तारा जिथं अडकवतात तो धातूचा भाग) आणि केबलच्या शील्डमधून अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माइकची जाळी तशीच मिक्सरच्या अर्थिंगला. दोन्ही एकाच चांगल्या अर्थिंगवर असतील तर तारा आणि जाळी यांच्यात व्होल्टेज नसतं. पण अँप एका भिंतीच्या सॉकेटवर, मिक्सर मंडपवाल्याच्या बोर्डवर, आणि त्यातल्या एकाची अर्थिंग तुटलेली असं असलं की दोघांमध्ये फरक येतो. मग हात तारेवर, ओठ जाळीवर, आणि मधला पूल म्हणजे तुम्ही! गिटार किंवा बेस वाजवत गाणाऱ्यालाच हा धोका जास्त असतो, कारण नुसता गायक एका वेळी एकाच गोष्टीला हात लावतो.

घरातला साधा मल्टीमीटर घ्या, एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बेसच्या ब्रिजला, दुसरं माइकच्या जाळीला. आकडा जवळजवळ शून्य पाहिजे. मला एका मांडवात ९० दाखवले होते, बोर्डाच्या अर्थच्या भोकात मागे वायरच नव्हती. आम्ही तिथंच थांबलो, अर्ध्या तासाने दुसऱ्या लाइनवरून सगळं घेतलं तेव्हा सुरू केलं. लोक बसून होते, बसू देत.

तर अँप, मिक्सर, कीबोर्ड सगळं एकाच बोर्डवरून, थ्री-पिन, अर्थिंग तपासलेलं. मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर फारच चांगलं. अँपची अर्थ पिन काढून टू-पिन करायचं नाही, हम (स्पीकरमधली घूंघूं) जातो म्हणून कोणी कितीही सांगितलं तरी नाही. फोम थुंकीने ओला होतो, त्यावर जीव टाकू नका. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी तर अजिबात उभं राहायचं नाही, गणपतीचा मांडव म्हणून आपण चपला काढतो, तेव्हा खाली रबरी मॅट किंवा कोरडी लाकडी फळी घ्या.

---

खुंटी_आणि_खर्ज:
वरच्या भाऊंना शंभर टक्के अनुमोदन. आता गाण्याचं बोलतो, कारण मी यातून गेलोय, आठ महिने लागले पण जमलं.

मुळात दोन कामं एकत्र शिकायची नाहीत. आधी बेस इतका हातात बसू दे की डोकं रिकामं राहील. माझी परीक्षा अशी होती की मी स्वयंपाकघराच्या दारात बसून गाण्याचा बेस वाजवायचो आणि आई विचारायची, भाजी काय आणू, गवार की तोंडली, दूधवाल्याचे किती झाले. तिला पूर्ण वाक्यात उत्तर देताना लय हलली नाही की समजायचं, आता शब्द घ्यायला हरकत नाही. लय हलली तर परत नुसता बेस.

मग वही घ्यायची. गाण्याची ओळ लिहायची आणि कुठल्या अक्षराखाली बेसचा ठोका येतो तिथं टिंब द्यायचं. केरव्यात आठ मात्रा, आपला ठोका बहुतेक पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर, पण शब्द बघ, तो पुष्कळदा समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) अर्धी मात्रा आधी उचललेला असतो किंवा सम गेल्यावर सुरू होतो. तुझी बोटं शब्दामागे जातात ती बरोबर याच जागी. अख्खं गाणं घोटू नको, ती एकच ओळ घे, मेट्रोनोम ६० वर, आधी बेस वाजवत शब्द नुसते बोलायचे, अगदी बातम्या वाचल्यासारखे. मग चाल गुणगुणायची, शब्दांशिवाय. मग दोन्ही. एका संध्याकाळी दोन ओळी झाल्या तरी पुष्कळ.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाताना कमी वाजव. गायकाच्या मागे तू जेवढं भरून वाजवायचास तेवढं आता वाजवायचं नाही. ओळ चालू असताना नुसता षड्ज-पंचम (सा-प) धर, श्वास घेतोस तिथं हात मोकळा सोड. ‘द पोलिस’ नावाच्या इंग्लिश रॉक बँडमध्ये स्टिंग बेस वाजवत गायचा, ते लक्ष देऊन ऐक, बेसमध्ये केवढ्या मोकळ्या जागा आहेत आणि तरी गाणं कुठं रिकामं वाटत नाही. आम्हा बेसवाल्यांना वाटतं की स्वर कमी झाले की आपण कमी पडलो, तसं नसतं रे, बेस सरळ झाला की तबला उलट जास्त खुलतो, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

पट्टी खाली आण, त्यात कमीपणा नाही. काळी दोनवरून खालच्या पांढरी सातवर ये. बेसवर ए तारेचा सहावा फ्रेट सोडून दुसऱ्या फ्रेटवर यायचं, चार फ्रेट खाली, बोटांचा आकार तोच, आणि खालचा पंचमही ई तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर मिळतो. कीबोर्डवाल्याला ट्रान्सपोजचं बटण आहे. तबलजीला मात्र आजच सांग, काळी दोनचा तबला ठोकून एवढा उतरत नाही, त्याला दुसरा तबला आणावा लागेल. कार्यक्रमाच्या दिवशी सांगितलंस तर तो चिडेल आणि त्याचं चिडणं बरोबर असेल.

---

मंद्र_मांजलपूर:
अरे बापरे, तबल्याचं डोक्यातच नव्हतं. आत्ता फोन केला, त्याच्या गुरुबंधूकडे पांढरी सातचा आहे म्हणे. थँक्यू!!

अँपबद्दल कोणी सांगेल का, १०० वॉटचा घ्यायलाच लागेल का? बजेट फार नाही.

---

नऊ_रात्री_चार_तारा:
मी गरब्याच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो, नवरात्रीत नऊ रात्री, तेव्हा अँपवर बोलायचा थोडा हक्क आहे मला.

खालच्या स्वरांना स्पीकरला हवा जास्त ढकलावी लागते आणि आपल्या कानाला ते स्वर मुळात कमी ऐकू येतात, म्हणून गिटारवाल्याचं ३० वॉटमध्ये भागतं आणि आपलं १५ मध्ये भागत नाही. ड्रमसोबत अँपच्याच जोरावर वाजवायचं तर १०० वॉट आणि वर बघावं लागतं. पण तुमच्याकडे पीए (लोकांसाठीचे मोठे स्पीकर) आहे, मग लोकांना ऐकवायचं काम पीएला द्या ना. बेसमधून डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी डबी), डीआयमधून मिक्सर. बेहरिंगरचा डीआय १०० आमच्याकडे किती वर्षं चाललाय, फँटम पॉवरवर (मिक्सरकडून माइकच्या केबलमधूनच येणारी वीज) चालतो नाहीतर ९ व्होल्टच्या बॅटरीवर. त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते हम घालवायला, वरच्या शॉकच्या भानगडीवरचा तो इलाज नाही, हे पण लक्षात घ्या. गिटारच्या अँपमध्ये बेस घालून आवाज वाढवायचा उद्योग कोणी करू नका, स्पीकर जातो.

तुमचा १५ वॉटचा अँप फक्त तुम्हाला ऐकायला ठेवा. आणि तो जमिनीवर पायाशी ठेवला असेल, हो ने? तो खुर्चीवर ठेवा, कानाकडे तोंड करून. मग बास नॉब थोडा कमी करा आणि मिड (मधल्या स्वरांचा नॉब) वाढवा. एकट्याने घरी वाजवताना हा आवाज कोरडा वाटतो, पण ऑक्टोपॅडमध्ये तोच ऐकू येतो, घुमणारा खालचा भाग सगळा गर्दीत विरतो. एवढं केल्यावर पण घ्यायचाच झाला तर फेंडर रंबल ४० बघा, १० इंची स्पीकर, मागून मिक्सरला थेट लाइन देता येते, आणि वजनाला हलका, स्कूटरवर मागे कोणी बसलं की मांडीवर येतो.

गायचा माइक शुअर एसएम ५८ सारखा असला की ओठ जवळ नेला की आवाजाला जाडी येते, आणि ती जाडी बेसच्याच अंगावर बसते. मिक्सरवर गाण्याच्या चॅनेलला लो-कटचं (खालचे स्वर कापायचं) बटण असेल, ८० किंवा १०० हर्ट्झचं, ते दाबून टाका. बेसचा मोकळा ई ४१ हर्ट्झ, आणि पुरुषाच्या गळ्यातला खालचा ई ८२. त्याच्या खाली गळ्याचं काही नसतं, नुसता स्टेजचा धडधडाट माइकमध्ये जातो.

कान सांभाळा. मी पहिली चार वर्षं काही न घालता वाजवलं, आता रात्री झोपताना डाव्या कानात बारीक शिट्टी वाजते, ती जात नाही. इअरप्लग घ्या.

---

सूरसागरची_ताई:
मी पण बेस वाजवत गाते, म्हणून दोन-तीन गोष्टी ज्या इथे कोणी बोललं नाही.

माइकचा स्टँड बूमवाला (वर आडवी दांडी असलेला) घ्या आणि माइक तोंडापाशी आणा, तोंड माइकपाशी न्यायचं नाही. फ्रेट बघायला मान खाली गेली की गळा दाबला जातो आणि वरचा सूर तिथंच अडकतो. नेकच्या वरच्या कडेला बारीक ठिपके असतात ते तिरप्या नजरेनं बघायची सवय करा, मान हलवायची नाही. बसून सराव करत असाल तर बेल्ट एवढाच लांब ठेवा की बसल्यावर आणि उभं राहिल्यावर बेस एकाच उंचीला येईल, नाहीतर स्टेजवर हात परकाच वाटतो. बेल्ट रुंद पाहिजे, तीन इंचाचा. अरुंद पट्टा खांद्यात रुततो आणि खांदा आखडला की श्वास वरवरचा होतो, मला गाण्याच्या सरांनी हे दाखवेपर्यंत कळलं नव्हतं.

माझे हात लहान आहेत, मी ३० इंची शॉर्ट स्केल वाजवते, नेहमीचा ३४ इंची असतो. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं १९६१ मध्ये हँबुर्गला घेतलेला तो व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर पण शॉर्ट स्केलच. हलका बेस गळ्याला मोकळीक देतो. तुम्हाला बदलायची गरज नाही, पण कोणी नवीन घेत असेल आणि गायचं मनात असेल तर आधी हातात धरून बघा.

आणि गळ्यासाठी सकाळी दहा मिनिटं खर्ज लावा. आपल्या गावात १८८६ साली सयाजीरावांनी मौलाबक्षांना गायनशाळा काढून दिली, तेच आजचं सूरसागरजवळचं म्युझिक कॉलेज, तर बडोदेकरानं खर्जाला लाजायचं कारणच नाही. तीन आठवड्यांत आवाज वाढणार नाही, पण खालचा षड्ज स्थिर झाला की अंतऱ्याला धाप कमी लागते.

---

खुंटी_आणि_खर्ज:
ताई, मानेचा मुद्दा सोन्यासारखा. मी तीन वर्षं मान खाली घालूनच गायलो.

ई तारेची खरखर राहिली. ओल लागली की लाकूड सरकतं, आपल्याकडे दर पावसाळ्यात होतं. ई तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाब, दुसऱ्या हाताने जिथं नेक बॉडीला मिळते तिथं दाब, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात फट बघ. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी फट ठीक. फटच नसेल आणि खरखर पहिल्या चार-पाच फ्रेटवरच असेल तर नेक जास्त सरळ झालीये, ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या उलट पाव फेरा सैल कर, एक दिवस थांब, परत बघ. एकदम अर्धा-एक फेरा कधीच नाही. किल्ली बरोबर मापाची हवी, ढिली किल्ली नट खाऊन टाकते. हात धजत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे ने, पण समोर उभा राहून बघ म्हणजे पुढच्या वर्षी स्वतः करशील.

तारा किती जुन्या आहेत? मी राउंडवाउंड (गोल वेढ्याच्या, खरखरीत) तारा काढून दहा मिनिटं पाण्यात उकळतो, पुसून वाळवून परत चढवतो, मळ निघतो आणि काही आठवडे चमक येते. नवा सेट महाग पडतो ना.

---

मंद्र_मांजलपूर:
मंडळी, रविवारची तालीम झाली, म्हणून लिहितोय.

मल्टीमीटर लावला. ब्रिज आणि जाळीच्या मध्ये ६८ व्होल्ट. आम्ही सगळे गप्पच झालो. हॉलच्या मागच्या भिंतीचा सॉकेट, त्याची अर्थिंग नव्हतीच. अँप आणि मिक्सर दोन्ही पुढच्या बोर्डवर घेतले, परत मोजलं, शून्य पॉइंट काहीतरी. कीबोर्डवाल्यानं स्वतःच्या पैशाने टेस्टर आणि नवा एक्स्टेन्शन बोर्ड आणला, न सांगता. अर्थिंगवाला भाऊ, तुमचे खरंच आभार, माझी मुलगी पण कधी कधी त्या माइकवर गाते.

अँप खुर्चीवर ठेवला, मिड वाढवला, आणि पहिल्यांदा मला माझा बेस ऑक्टोपॅडमधून स्पष्ट ऐकू आला. डीआय उसना मिळालाय. नवा अँप दिवाळीनंतर बघू.

फट अजिबात नव्हती. पाव फेरा सैल केला, दुसऱ्या दिवशी कार्ड गेलं, खरखर नव्वद टक्के गेली.

गाण्याचं सांगतो. पाचपैकी दोन गाणी पांढरी सातमध्ये बसली, वहीत टिंबं काढून. तिसऱ्यात अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला अजून हात शब्दामागे जातो, शब्द समेच्या आधी उचलला जातो तिथंच, तुम्ही सांगितलं तसं. तिथं मी आता फक्त षड्ज धरून उभा राहतो. शेवटी तबलजीनं मान हलवली, मग सगळे शेवउसळ खायला गेलो.

एक विचारायचं राहिलं, दहा मिनिटं उकळायच्या तारा गुंडाळून एकत्र टाकायच्या की एकेक?

---

खुंटी_आणि_खर्ज:
सैल वेटोळं करून चारही एकत्र चालतात, फक्त आवळून बांधू नको आणि फ्लॅटवाउंड (सपाट वेढ्याच्या, गुळगुळीत) असतील तर उकळू नको. बाहेर काढल्यावर लगेच फडक्यानं पूस आणि पूर्ण सुकू दे, आतल्या वेढ्यात पाणी राहिलं की गंज धरतो. पावसाळ्यात रात्रभर पंख्याखाली ठेव.