मदत हवी आहे : ग्रिप बदलली आणि होती ती सर्व्हिसही गेली

नमस्कार मंडळी,

मी अमरावती जिल्ह्यातल्या संत्र्याच्या पट्ट्यातला. थोडी बाग, थोडं कृषी सेवा केंद्र. वय ४०, उंची पाच फूट पाच. दीड वर्षापासून टेनिस खेळतो. "या वयात कायले?" हे घरी ऐकून झालं आहे, इथे नको. रोहन बोपण्णा जानेवारी २०२४ मध्ये ४३व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकला, तेव्हापासून घरच्यांसाठी माझ्याकडे उत्तर तयार असतं.

तालुक्याच्या गावी एकच सिमेंटचं कोर्ट आहे. आम्ही चौघं जण खेळतो : निवृत्त तलाठी काकाजी, एक बँकवाले, एक गुराढोरांचे डॉक्टर आणि मी. कोच कोणी नाही. काकाजी नोकरीत असताना जिल्ह्याच्या क्लबात खेळायचे, तेच आमचे गुरू.

अडचण अशी. चार महिन्यांपूर्वीपर्यंत मी रॅकेट उलथन्यासारखी धरून सर्व्हिस करायचो. वेग काहीच नव्हता, पण दहातले सात चेंडू बॉक्समध्ये, म्हणजे नेटपलीकडच्या तिरप्या चौकोनात, पडायचे. मग मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. जो तो सांगतो, कॉन्टिनेंटल ग्रिप घ्या, हातोडी धरतो तशी. घेतली. तेव्हापासून पहिली सर्व्हिस एकतर नेटात, नाहीतर डावीकडे. उजव्या बाजूने करतो तेव्हा ट्रॅममध्ये (कडेच्या दुहेरीच्या पट्टीत) जाते, आणि डाव्या बाजूने केली तर चक्क शेजारच्या बॉक्सात. दुसरी सर्व्हिस म्हणजे भीत भीत चेंडूला हात लावल्यासारखं. समोरचा दोन पावलं आत येऊन आरामात उभा राहतो.

परवा काकाजी मागून ओरडले, "अबे, पऱ्हाटी (कपाशीची झाडं) तोडून राह्यला का तू? काहून एवढा जोर लावतं?" त्या दिवशी एका सेटमध्ये माझे अकरा डबल फॉल्ट झाले, म्हणजे अकरा वेळा दोन्ही सर्व्हिस चुकल्या. जोडीदार डॉक्टर एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

आणखी एक. आमचं कोर्ट पूर्व-पश्चिम आहे. बांधणाऱ्यांनी जागा होती तसं बसवून टाकलं. आठ-साडेआठनंतर पूर्वेकडे तोंड असलं की वर बघवत नाही. डॉक्टरांच्या मते मी उन्हाला चुकवायला टॉस (सर्व्हिससाठी वर उडवायचा चेंडू) डोक्याच्या मागे टाकतो आणि सगळं तिथूनच बिघडतं. काकाजींच्या मते ग्रिपचं खूळ सोडावं. कोणाचं ऐकू? जुनी पकड परत घ्यावी का? दिवाळीनंतर आमचे आपसात सामने आहेत.

बेसलाइनचा_माणूस :

जुन्या पकडीकडे जाऊ नका. काकाजींना माझा नमस्कार सांगा, पण इथे ते चुकले.

चेंडू डावीकडे का जातो ते सांगतो. हातोडीच्या पकडीत रॅकेट वर जाताना तिची कड चेंडूकडे असते, जाळी नसते. चेंडू लागायच्या जरासं आधी कोपरापासून पुढचा हात बाहेर वळावा लागतो, म्हणजे तळहात उजवीकडे फिरतो आणि अंगठा खाली जातो. ते वळण झालं की जाळी बॉक्सकडे बघते. नाही झालं, तर ती डावीकडेच बघत राहते आणि चेंडू तिकडे जातो. उलथन्याच्या पकडीत जाळी आधीच समोर असते, त्यामुळे हात वळवायची सवय तुम्हाला लागलीच नाही. पकड नवी घेतलीत, हात जुनाच राहिला.

काही दिवस बेसलाइनवरून (कोर्टाच्या मागच्या रेषेवरून) मारूच नका. सर्व्हिस लाइनवर (बॉक्सच्या मागच्या रेषेवर) उभे राहा, रॅकेट मुठीच्या बरीच वर धरा, अर्ध्या जोराने मारा. मारल्यावर हात तिथेच थांबवून पाहा. तळहात बाहेर, उजवीकडच्या कुंपणाकडे दिसला पाहिजे. तुमच्या दिशेने दिसला तर वळण झालेलं नाही. जमू लागलं की दोन-दोन पावलं मागे या.

गणिताचे_मास्तर :

पऱ्हाटीवाली उपमा मला फार आवडली, कारण चूक नेमकी तीच आहे. आपल्याला वाटतं की चेंडू वरून खाली ठोकला की आत पडेल. आकडे पाहा.

बेसलाइनपासून समोरच्या सर्व्हिस लाइनपर्यंत ६० फूट. नेट ३९ फुटांवर, मध्यभागी ३ फूट उंच, खांबांपाशी साडेतीन. तुमच्या उंचीला हात आणि रॅकेट पूर्ण ताणून चेंडू साधारण सव्वाआठ फुटांवर लागेल असं धरू. तिथून सर्व्हिस लाइनच्या बरोबर काठावर सरळ रेघ ओढली, तर ती नेटपाशी ८.२५ × २१ ÷ ६०, म्हणजे सुमारे २.९ फुटांवर येते. नेट त्याहून उंच आहे, आणि चेंडूची स्वतःची जाडी अडीच इंचांच्या वर. म्हणजे दोरी ताणल्यासारखा सरळ चेंडू तुमच्या उंचीवरून आत पडूच शकत नाही. तो नेटवरून जाऊन मग खाली वळायला हवा. वळवणार कोण? एक गुरुत्वाकर्षण, आणि दुसरी चेंडूची पुढच्या बाजूला फिरकी. म्हणून मारायचं वरच्या दिशेने. मनाला पटत नाही, पण तसंच आहे. सरळ रेघेनेच आत टाकायचा तर चेंडू किमान ८ फूट ७ इंचांवर लागावा लागेल, तोही नेटला घासून.

वर्ध्याची_खेळाडू :

दादा, डॉक्टरांचं निदान बरोबर वाटतं. टॉस मागे गेला की कंबर मागे वाकते, मग चेंडू वर मारता येत नाही आणि हात वळवायलाही जागा उरत नाही. आधी टॉस. चेंडू तळव्यात घट्ट धरू नका, बोटांच्या पेरांवर ठेवा. कोपर सरळ ठेवून अख्खा हात खांद्यातून उचला आणि कपाळाच्या उंचीला चेंडू सोडून द्या. वर जाताना तो स्वतःभोवती फिरत असेल तर बोटांनी झटका दिला आहे असं समजा. तो खाली पडू दिला तर डाव्या पायाच्या फूटभर पुढे, किंचित उजवीकडे पडला पाहिजे. तिथे एक रॅकेट आडवी ठेवा आणि नेम धरा.

उन्हासाठी : पूर्वेकडच्या गेममध्ये उभं राहण्याची दिशा थोडी फिरवा आणि टॉस जरा बुटका ठेवा. टॉस वाईट पडला, तर मारायला न जाता झेलून घ्या. रॅकेट फिरवली नसेल तर तो फॉल्ट धरत नाहीत. आमच्याकडे हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं, वाईट टॉसमागे धावत सुटतात.

दुसऱ्या सर्व्हिसचं म्हणाल, तर हात हळू करणं हाच रोग आहे. हात पहिल्याइतकाच जोरात, फक्त तो जोर फिरकीत घालायचा. याला मी केलेला एक उपाय : दोन्ही गुडघे टेकून सर्व्हिस करा. आधी सर्व्हिस लाइनजवळून, मग मागून. इतक्या खालून खाली मारायची सोयच नसते, त्यामुळे रॅकेट आपोआप चेंडूच्या पाठीवरून वर घासत जाते. सिमेंटवर गुडघ्याखाली पोतं घ्या.

आणि डबल फॉल्टची लाज नको. २०२२ च्या सुरुवातीला अव्वल टेनिसपटू आर्यना सबालेंकाची सर्व्हिस इतकी बिघडली होती की अ‍ॅडलेडच्या सामन्यात तिने हाताखालून चेंडू टाकला. नंतर तिने तंत्रच दुरुस्त करून घेतलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली.

खांदा दुखला तर मात्र त्या दिवशी बंद. चेंडू कोणते वापरता?

मूळ प्रश्नकर्ता :

ताई, दुखती नस पकडलीत. आमच्या गावात टेनिस बॉल मागितला की दुकानदार क्रिकेटचा जड बॉल देतो. काही दिवस त्यावरच सर्व्हिस केली, कोपर धरून बसलो होतो. आता कोणी नागपूर-अमरावतीला गेलं की डबे मागवतो. पण डबा उघडल्यावर काही आठवड्यांत चेंडू मरतात, तरी आम्ही ते महिनोन्‌महिने चालवतो.

मूळ प्रश्नकर्ता (तीन आठवड्यांनी) :

आधी माफी, मध्ये फवारणीचे दिवस होते. कोर्टावर आठवड्यातून दोनदाच जाणं झालं.

टॉस बागेत केला. सध्या आंबिया बहाराची फळगळ चालू आहे, झाडाखाली हिरवी संत्री पडलेली असतात. चेंडूपेक्षा वजनदार, पण आकार जवळपास तोच. पाणी सोडल्यावर वाफ्यापाशी उभं राहून रोज पन्नास टॉस. आमचा गडी पहिल्या दिवशी बघत राहिला, दुसऱ्या दिवशी म्हणाला, "भाऊ, गळली ते गळली, आता वर फेकून झाडाले चिकटतीन काय?" संत्र्याचा एक फायदा सांगतो. देठाची खूण दिसते, त्यामुळे फळ हातातून फिरत सुटलं की लगेच कळतं. आता बहुतेक वेळा फिरत नाही.

हात वळवणं दहातून पाच-सहा वेळा जमतं. जमतं तेव्हा आवाजच वेगळा येतो, खणखणीत. डावीकडे जाणं पुष्कळ कमी झालं. मास्तरांचं गणित काकाजींना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा तपासलं आणि कागद खिशात घातला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः सर्व्हिस लाइनवरून हातोडीच्या पकडीने मारत होते, त्यावर मी काही बोललो नाही.

रविवारी एका सेटमध्ये चार डबल फॉल्ट. फिरकीची दुसरी सर्व्हिस अजून आखूड पडते, पण पडून वर उसळते. बँकवाले दोनदा फसले.

गुडघ्यांवरचा प्रकार कोणी करणार असेल तर युरियाचं पोतं घेऊ नका, सिमेंटवर सरकतं. मी एकदा तोंडावर पडता पडता वाचलो. ढेपेचं तागाचं पोतं दुहेरी घडी करून घ्या.