वॉशिंग्टनच्या सैनिकांचा छावणीतला दिवस कसा जायचा?

प्रश्न:
अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या लढायांबद्दल बरंच वाचलंय, पण लढाईचे दिवस वर्षात मोजकेच, बाकीच्या दिवसांचं काय? १७७७-७८ मध्ये वॉशिंग्टनची कॉन्टिनेंटल आर्मी, म्हणजे ब्रिटिशांशी लढणारी अमेरिकन फौज, पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्जला सहा महिने मुक्कामाला होती. यातले कितीतरी जण कालपरवापर्यंत शेती नाहीतर सुतारकाम करणारे. ती रोज करायची काय, खायची काय? चित्रांत तर नुसती बर्फात कुडकुडत उभी दिसतात.

प्रतिसाद १:
उभं राहायला वेळ कुठला, आधी घर बांधायचं होतं! १९ डिसेंबरला पोचले आणि झाडं तोडायलाच लागले. बारा जणांत एक झोपडी, १४ बाय १६ फूट, ओंडके रचायचे, फटी मातीने लिंपायच्या, चूलसुद्धा लाकडाची, आतून मातीचा जाड थर दिलेली. प्रत्येक रेजिमेंटमध्ये सगळ्यात लवकर आणि नीट झोपडी बांधणाऱ्या टोळीला वॉशिंग्टनने १२ डॉलर बक्षीस लावलं, वाटणी केली तर माणशी एक डॉलर, पण पगारच महिन्याला पावणेसात डॉलरच्या आत आणि तोही थकलेला, तेव्हा एक डॉलरही कमी नव्हता.
खाण्याचं म्हणशील तर नियमाप्रमाणे रोज एक पौंड मांस आणि एक पौंड ब्रेड किंवा पीठ मिळायला हवं होतं. कित्येक दिवस मिळायचं फक्त पीठ, ते पाण्यात कालवून विस्तवावर भाजायचं, त्याला फायरकेक म्हणायचे. देशात धान्य नव्हतं असं नाही, गाड्या नव्हत्या, घोडे नव्हते, व्यवस्था पार कोसळली होती. मार्चमध्ये जनरल नॅथॅनिएल ग्रीनकडे क्वार्टरमास्टर जनरलचं, म्हणजे सैन्याच्या सामान आणि वाहतुकीचं, काम आलं तेव्हा कुठे फरक पडायला लागला.

प्रतिसाद २:
बर्फाबद्दल थोडं. तो हिवाळा तसा फार कडक नव्हता, खरा भयंकर न्यू जर्सीतल्या मॉरिसटाऊनच्या छावणीचा, १७७९-८० चा. इथे हाल झाले ते कपड्यांवाचून, २३ डिसेंबरच्या पत्रात वॉशिंग्टनने काँग्रेसला (वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेला) कळवलं की २,८९८ माणसं अनवाणी आणि उघडी असल्याने ड्युटीला निकामी आहेत. आणि जवळजवळ २,००० माणसं गेली ती टायफस, हगवण अशा आजारांनी, त्यातली बहुतेक थंडी सरल्यावर, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं, म्हणजे सगळ्यात कठीण दिवस काढून मग मेली. संडासाचे खड्डे वापरा, मेलेले घोडे पुरा, असे हुकूम परत परत काढावे लागत.

प्रतिसाद ३:
दोघांनी बायकांचा उल्लेखच केला नाही. छावणीत शेकडो बायका होत्या, बऱ्याच सैनिकांच्याच, कपडे धुणं आणि आजाऱ्यांची सेवा त्यांच्यावर, आणि रेशन मात्र अर्धं.
फेब्रुवारीत श्टॉयबेन हा प्रशियाचा (आजच्या जर्मनीतल्या राज्याचा) माजी लष्करी अधिकारी आला आणि दिवसाचं स्वरूपच बदललं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, तरी निवडक माणसांची तुकडी घेऊन स्वतः मैदानात उतरून कवायत शिकवायचा, मग ती माणसं आपापल्या रेजिमेंटला शिकवायची. त्याने युरोपातल्या एका ओळखीच्याला लिहिलं होतं की तुमच्याकडे शिपायाला ‘हे कर’ म्हटलं की तो करतो, इथे आधी ते का करायचं हे सांगावं लागतं. तुझ्या प्रश्नातले ते सुतार आणि शेतकरी ते हेच.