वेगवेगळ्या घरांत वाढणाऱ्या भावंडांच्या भेटी थांबवाव्यात का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

गेल्या जूनपासून आमच्या घरी फॉस्टर केअरखाली, म्हणजे दत्तक न घेता काही काळ सांभाळण्याच्या प्रतिपालकत्वाने, सात वर्षांची मुलगी राहते. तिचा अकरा वर्षांचा भाऊ गडहिंग्लजजवळच्या एका शेतकरी कुटुंबात आहे, कारण दोघांना सांभाळू शकणारे एकच घर त्या वेळी मिळाले नाही. आतापर्यंत ती दोघे केवळ राखीपौर्णिमेला आणि भाऊबिजेला भेटली. भेटीनंतर ती दोन दिवस नीट जेवत नाही आणि रात्री उठून दारात भावाच्या चपला शोधते. त्यामुळे भेटी काही काळ बंद ठेवाव्यात, असे माझ्या सासूबाईंचे मत आहे. आम्ही काय करावे?

उत्तर (निवृत्त परिविक्षा अधिकारी)

भेटी बंद करू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगेन. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार, वेगळे ठेवणे मुलांच्याच हिताचे नसेल, तर भावंडांना एकाच प्रतिपालक कुटुंबात ठेवण्यासाठी सर्व प्रयत्न करणे अपेक्षित आहे. तेव्हा घर मिळाले नाही, हे कारण कायमचे मानू नका. दोघांना एकत्र ठेवण्याचा फेरविचार व्हावा आणि तोपर्यंत भेटींचे दिवस लेखी ठरावेत, असा अर्ज बालकल्याण समितीकडे, म्हणजे अशा मुलांना कोठे ठेवायचे हे ठरवणाऱ्या जिल्ह्यातील समितीकडे, करा व त्याची प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला द्या. याच कलमात प्रतिपालक कुटुंबाची दरमहा पाहणी सांगितलेली आहे. त्या वेळी मुलीच्या जेवणाविषयी आणि झोपेविषयी काही न लपवता सांगा. केवळ दोन घरांच्या सौजन्यावर सोडलेली भेट सुगीच्या किंवा परीक्षेच्या पहिल्याच अडचणीला रद्द होते, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले.

उत्तर (इचलकरंजी)

मी मुलांच्या बालगृहात वाढलो आणि माझी धाकटी बहीण मुलींच्या. आमच्याही भेटी सणावारीच होत. ओवाळणी, फोटो आणि भोवती मोठ्यांची गर्दी यांत आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला काही सुचतच नसे. माझ्या लक्षात राहिली ती एक साधी दुपार. रंकाळ्याच्या काठावर शेंगा खात मी तिला पाढे म्हणायला लावले होते आणि ती माझ्यावर चिडली होती. निघताना रडू येई ते भेट झाली म्हणून नव्हे, तर पुढची भेट कधी हे कोणीच सांगत नसे म्हणून. आपल्या मुलीला निरोप घेण्यापूर्वीच दिनदर्शिकेवर पुढची तारीख स्वतःच्या हाताने रंगवू द्या, आणि मधल्या काळात ठरलेल्या वारी दोघांचे फोनवर बोलणे होऊ द्या, मग ते भांडण असले तरी चालेल.

प्रश्नकर्ती

दोघांचे आभार. चपलांचा अर्थ आता थोडा उमगतो आहे. मात्र उसाच्या हंगामात त्या कुटुंबाला कोल्हापूरला येणे जमत नाही. शिवाय भाऊबिजेचे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले, तर काही अडचण आहे का?

उत्तर (निवृत्त परिविक्षा अधिकारी)

फोटो टाकू नका. अशा मुलांची ओळख उघड करण्यास कलम ७४ नुसार मनाई आहे. फोटो छापून दोघांच्या वह्यांत चिकटवा. हंगामात त्यांनी यावे अशी अपेक्षा न ठेवता तुम्हीच महिन्यातून एका रविवारी मुलीला घेऊन तिकडे जा, अर्थात समितीला कळवून. भाऊ कोठे झोपतो आणि त्याच्या चपला कोणत्या दाराशी असतात, हे तिला प्रत्यक्ष पाहता येईल.