'कळकणे' म्हणजे नक्की काय? जड धातू आणि लिव्हरबद्दल लिहिताना चालेल का?

फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये चरबी साठणं) आणि जड धातूंवर सोप्या मराठीत एक टिपण लिहितेय. आजी म्हणायची, ताक पितळीत ठेवू नकोस, कळकेल. मग तांबं अंगात जाण्याला 'कळकणे' म्हटलं तर चालेल का? की ते फक्त चवीपुरतंच?

प्रतिसाद
ताई, कळकतं ते अन्न, माणूस नाही. बिनकल्हईच्या तांब्यापितळेच्या भांड्यात ताक, चिंचेची आमटी, सोलकढी असं आंबट काही राहिलं की आंबटपणाने धातू सुटतो, तुरट वास नि चव येते, कधी हिरवट झाक पण दिसते, ते कळकलं. 'कळकट' वेगळं, ते मळलेल्या कपड्याला नि भिंतीला म्हणतात. आमच्याकडे 'आमटीला कळक लागली' असं पण म्हणतात.

प्रतिसाद
वरचं बरोबर, पण मला दुधाची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दूध आंबट नसतं म्हणून ते कळकेल असं कुणाच्या मनातच यायचं नाही, चवीत फारसा फरक नाही, पण दुधातली प्रथिनं तांबं धरून ठेवतात. पितळी चरवीत ठेवलेलं, पितळी पातेल्यात तापवलेलं गाईम्हशीचं दूध अगदी लहान बाळांना पाजलं जायचं, आणि सहा महिन्यांपासून चारपाच वर्षांपर्यंतची मुलं लिव्हर दगडासारखं कडक होऊन दगावायची. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत हे शोधलं, १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख आला. निरोगी लिव्हरमध्ये सुक्या वजनाच्या ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं, या मुलांत ते कित्येकदा हजाराच्याही वर. जास्तीचं तांबं लिव्हर पित्तातून बाहेर टाकतं आणि तान्ह्या बाळात ते काम अजून नीट सुरू झालेलं नसतं. घरोघरी स्टील आलं, आईच्या दुधावर भर दिला गेला, आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. मला याचं फार अप्रूप वाटतं, भांडं बदलल्याने मुलं वाचली!

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती)
बापरे, हे माहीतच नव्हतं. मग हेच फॅटी लिव्हरचं उदाहरण म्हणून घालू का?

प्रतिसाद
नको, इथेच घोटाळा होतो. त्या मुलांच्या लिव्हरमध्ये चरबी साठलेली सहसा दिसत नसे, तिथे पेशी मरून तंतूंची जाळी व्हायची. चरबीचं उदाहरण हवं असेल तर विल्सनचा आजार घ्या. त्यात जन्मजात दोषामुळे तांबं बाहेर पडत नाही आणि सुरुवातीला लिव्हरमध्ये चरबी दिसते. चरबी जळते मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागांत, जास्तीच्या तांब्याने तेच बिघडतात, मग न जळलेली चरबी थेंब थेंब पेशीतच साठत राहते. उलट तांबं फार कमी पडलं तरी चरबीचं चयापचय बिघडू शकतं, म्हणून नुसतं 'तांबं वाईट' असं लिहू नका. शिसं, कॅडमियमची गोष्ट वेगळी, शरीराला ते मुळीच लागत नाहीत.

आणि सोमल, म्हणजे आर्सेनिक, त्याला सवयीने जड धातूंत घालतात पण तो पुरता धातू नाही. पश्चिम बंगालमध्ये ट्यूबवेलचं सोमलमिश्रित पाणी वर्षानुवर्षं प्यालेल्यांच्या लिव्हरमध्ये फायब्रोसिस, म्हणजे तीच तंतूंची जाळी, आढळलाय, आणि त्या पाण्याला ना रंग ना वास ना चव. तिथे 'कळकलेलं पाणी' म्हणणं साफ चुकीचं, वाचणाऱ्याला वाटेल की चव बघून कळतं.

प्रतिसाद
एक भर घालतो, 'कल्हई' अरबीतून आलाय, तिकडे कलई म्हणजे कथील. भांडं तापवून नवसागराने साफ करायचं नि वर कथलाचा पातळ थर फिरवायचा, तो झिजला की अन्न परत कळकणार. कथलात शिसं मिसळलेलं असेल तर दुखणं वेगळंच, त्यामुळे कल्हईवाल्याला तेवढं जरूर विचारा.

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती)
सगळ्यांचे मनापासून आभार. मग शरीराबद्दल 'लिव्हरमध्ये तांबं साठणं' असं सरळ लिहिते, आणि 'कळकणे' फक्त अन्नासाठी. हल्ली लोक तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी भरून ऑफिसला नेतात, त्याला म्हणता येईल ना?

प्रतिसाद
हो, ते कळकतंच. आणि साधं पाणी ठेवलंत तरी लिंबू त्यात पिळू नका, पेल्यात घेऊन पिळा.