आनेगुंदीचे नववृंदावन बेट आणि हंपी : आईला घेऊन केव्हा आणि कसे जावे?

रंकाळाकाठ, कोल्हापूर

नमस्कार. माझी आई 68 वर्षांची असून माध्व परंपरेतील (मध्वाचार्यांनी सुरू केलेल्या वैष्णव परंपरेतील) संत राघवेंद्रस्वामींवर तिची फार श्रद्धा आहे. आंध्रातील मंत्रालय या गावी असलेल्या स्वामींच्या समाधीचे दर्शन तिला दोनदा घडले, पण स्वामींचे गुरू सुधींद्रतीर्थ यांचे वृंदावन, म्हणजे समाधीवर उभारलेले दगडी बांधकाम, जिथे आहे, ते कर्नाटकात हंपीपलीकडच्या आनेगुंदी गावाजवळचे तुंगभद्रेच्या पात्रातील नववृंदावन बेट पाहायचे राहून गेले आहे. बेटावर वस्ती नाही आणि होडीखेरीज तिथे जाता येत नाही, एवढेच मला ठाऊक आहे. श्रावणात जावे असे आईच्या मनात आहे. तिचे गुडघे दुखतात, फार चढउतार होत नाही. बेटाचे दर्शन आणि हंपी मिळून तीन दिवस पुरतील का, आणि हंपीत तिला झेपेल असे काय आहे, हे जाणकारांनी सांगावे.

पंचगंगाघाट

ताई, प्रथम श्रावणाचा विचार सोडून द्या, ही कळकळीची विनंती. आपल्या कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की आपण नदीकाठी जाणेही टाळतो. तुंगभद्रेबाबतही तोच विवेक ठेवायला हवा. बेटाच्या वरच्या अंगाला होसपेटजवळ मोठे धरण आहे. पावसाळ्यात ते भरले की दरवाजे उघडतात, खालच्या पात्रात ओढ वाढते आणि होड्या बंद ठेवाव्या लागतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये त्याच धरणाचा एक दरवाजा साखळी तुटून वाहून गेला होता आणि नदीला अचानक पूर आला होता. आकाश निरभ्र असले तरी वरून विसर्ग सुरू असू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून होड्या चालू आहेत का, हे विचारूनच गाडी काढावी. मार्गशीर्ष किंवा पौष हा काळ उत्तम. पाणी शांत असते आणि तिथल्या खडकांवरचे ऊनही सोसवते.

आम्ही एकदा आषाढाच्या अखेरीस गेलो आणि आनेगुंदीच्या काठावरूनच हात जोडून परतलो. एका होडीवाल्याने जादा पैसे घेऊन पलीकडे नेण्याची तयारी दाखवली होती, पण त्याच्याकडे तरंगजाकिटे नव्हती. आम्ही नकार दिला आणि त्या निर्णयाचे मला आजही समाधान आहे.

तुंगातीर

मी मूळचा इचलकरंजीचा, नोकरीनिमित्त बरीच वर्षे होसपेटला होतो. बेटावर माध्व परंपरेतील नऊ यतींची वृंदावने आहेत. मध्वाचार्यांचे साक्षात शिष्य पद्मनाभतीर्थ इथे आहेत आणि 1539 मध्ये देह ठेवलेले व्यासतीर्थ, म्हणजे विजयनगरचा सम्राट कृष्णदेवराय याला गुरुस्थानी असलेले व्यासराय, हेही इथेच आहेत. व्यासरायांचे वृंदावन मध्यभागी आणि इतर त्याच्याभोवती, अशी मांडणी आहे. प्रदक्षिणा घालताना एकेका वृंदावनाशी थांबून ते कोणाचे, हे आईंना सांगत गेलात तर सुधींद्रतीर्थांपाशी पोहोचेपर्यंत त्या गुरुपरंपरेचा धागा त्यांच्या मनात जुळलेला असेल. जवळच रंगनाथाचे आणि मारुतीचे छोटे देऊळ आहे.

2019 च्या जुलैमध्ये गुप्तधनाच्या लोभाने काही लोकांनी व्यासरायांचे वृंदावन रातोरात फोडले. भक्तांनी आणि मठांनी एकत्र येऊन ते लगोलग पुन्हा उभे केले, पण निर्मनुष्य जागेला राखणारे कोणी नसले की काय होते, ते तेव्हा सर्वांना कळले. म्हणून बेटावर सहल म्हणून जाऊ नये. वृंदावनांना हात लावू नये, मोठ्याने बोलू नये, साधा पारंपरिक पोशाख असावा आणि नेलेली प्रत्येक पिशवी परत आणावी. दुकान किंवा विश्रामगृह असेल असे धरून जाऊ नका. पिण्याचे पाणी सोबत घ्या आणि सकाळीच जा.

वारीचा वाटसरू

हंपीत आईंना विठ्ठल मंदिर अवश्य दाखवा. कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा विजयनगरला, म्हणजे आजच्या हंपीला, नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, असे आपली परंपरा सांगते. तिथला गाभारा आज रिकामा आहे. मराठी माणूस त्या उंबऱ्याशी उभा राहिला की त्याला जे वाटते, ते दगडी रथापुढे छायाचित्र काढण्याच्या गर्दीत हरवू देऊ नका. मंदिरापर्यंत खासगी वाहने जाऊ देत नाहीत. शेवटच्या सुमारे एक किलोमीटरसाठी विजेवरच्या गाड्या आहेत, त्यामुळे गुडघ्यांची काळजी नको.

विरूपाक्षाच्या देवळात आजही नित्यपूजा चालते. आतल्या एका अंधाऱ्या दालनात भिंतीच्या लहानशा छिद्रातून गोपुराची उलटी सावली पडते, ती पाहावी. 1528 मध्ये कोरलेली लक्ष्मीनरसिंहाची प्रचंड मूर्ती रस्त्यालगतच आहे. कमलमहाल आणि हत्तीखाना एकाच आवाराच्या बाजूला असून तिथली जमीन सपाट आहे. मारुतीचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या आनेगुंदीजवळच्या अंजनाद्री टेकडीला मात्र साडेपाचशेहून अधिक पायऱ्या आहेत. खालूनच नमस्कार करावा.

रंकाळाकाठ, कोल्हापूर

सर्वांचे मनापासून आभार. आईला धरणाचे समजावून सांगितले, तेव्हा ती मार्गशीर्षाला तयार झाली. "नदीची इच्छा असेल तेव्हाच जाऊ," असे म्हणाली. आता एकच शंका उरली : टोपलीसारख्या गोल होडीत तिला चढता येईल का?

तुंगातीर

येईल, पण घाई नको. त्या होडीला तिकडे हरिगोलू म्हणतात. ती वेताबांबूची विणलेली असते, आत बाक नसतो, तळाशी बसावे लागते आणि एका बाजूला भार पडला की ती कलते. होडीवाल्याला आधीच सांगा, म्हणजे तो ती काठाच्या खडकाला टेकवून धरेल. तुम्ही आधी आत उतरा, दुसऱ्याने काठावरून आईंचा दंड धरावा आणि त्यांनी पाय होडीच्या मधोमध ठेवावा. बसायला एक छोटी घडीची गादी न्या, म्हणजे गुडघे फार मुडपावे लागणार नाहीत. घाटावर यंत्राची होडी उपलब्ध असेल तर तीच घ्या. तीन दिवसांत पहिला दिवस प्रवासाचा धरा, कारण कोल्हापूरहून बेळगाव-हुबळीमार्गे होसपेट साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बेट ठेवा. त्या दिवशी काही कारणाने होडी मिळाली नाही, तर हंपी पाहून घ्या आणि तिसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा आनेगुंदीच्या घाटावर या.